डोळ्यांच्या कोरडेपणावर मर्मबिंदू : नेमकं कुठे दाबायचं?

रानवारा: डोळे सारखे खुपतात. संध्याकाळी तर आत वाळू गेल्यासारखं होतं. ड्रॉप्सना कंटाळलोय. मर्मचिकित्सेने, म्हणजे शरीरावरचे ठरावीक नाजूक बिंदू (मर्मं) हाताळून करतात त्या आयुर्वेदिक उपचाराने, फरक पडतो म्हणतात. कोणते बिंदू, किती वेळ दाबायचे? लवकर सांगा, प्लीज.

चाफा: वय? लेन्स लावता? कुठले ड्रॉप्स? दुसरी काही औषधं?

देशावरचा: अपांग म्हणजे भुवईच्या शेपटाखाली, डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला. आवर्त भुवईच्या वरच्या खळग्यात. स्थपनी दोन भुवयांच्या मधोमध. मी रात्री बोटाला तूप लावून प्रत्येक ठिकाणी हलकेच गोल फिरवतो, वीसेक सेकंद. मला तरी आराम पडतो.

नीरजा_वै: दाबू नका! सुश्रुताने त्याच्या आयुर्वेदाच्या ग्रंथात, शरीररचनेच्या भागात (शारीरस्थानात) १०७ मर्मं सांगितली ती जपायच्या जागा म्हणून. अपांग-आवर्ताला इजा झाली तर आंधळेपण येतं किंवा दृष्टी अधू होते, असं तिथेच लिहिलंय.

देशावरचा: इजा वेगळी, बोटाचा स्पर्श वेगळा. केरळात कळरीची (तिथल्या जुन्या युद्धकलेची) गुरुमंडळी पिढ्यानपिढ्या मर्मचिकित्सा करत आलीत.

नीरजा_वै: ती शिकून करतात. इथे वाचून कुणी बुबुळ दाबेल, त्याची भीती आहे.

आबा६२: काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळा. आमच्या घरी उन्हाळ्यात दुसरं काही लागत नाही.

मोगरा: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ करून तूप भरतात ना, ते तर्पण कधी करता येईल?

नीरजा_वै: मोगरा, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. वेगळा धागा काढा.

चाफा: रानवारा, उत्तर द्या हो. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती ओली होते ते बघतात, ती टेस्ट केलीत? माझी चारच मिलिमीटर भिजली होती. तोंडही कोरडं पडायचं. मी वर्षभर मसाज करत बसले आणि शेवटी निघाला श्योग्रेन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार.

रानवारा: वय ३४. लेन्स नाही. टेस्ट नाही केली. तोंड कोरडं पडतं थोडं. शिंकांसाठी रोज रात्री सेटिरिझिन घेतो, दोन वर्षं झाली. त्याचा काय संबंध?

चाफा: असू शकतो! अशा गोळ्यांनी काहींचे डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे पडतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा आणि तोंडाचंही सांगा.

रानवारा: हे कुणी विचारलंच नव्हतं. उद्याची वेळ घेतली. तोवर अपांग करून बघतो. भुवईच्या टोकाखाली, हाडाच्या बाहेर बोटाला एक खळगा लागतो, तोच ना?

देशावरचा: तोच. नखं कापून घ्या आधी.