चर्चा : ऐनवेळी मार्ग काढता येणे ही शेफची मूळ विद्या मानावी का?

चर्चाप्रस्ताव (पाकशास्त्राची शिक्षिका, कोथरूड)
प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला सगळे साहित्य मोजून दिले जाते. मग नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात मार्केट यार्डातून निम्मी कोथिंबीर सडलेली आली की तो गोंधळून जातो. २०२३च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोमागे १०० रुपयांच्या वर गेला होता. ग्रेव्हीत टोमॅटो आंबटपणा, रंग आणि दाटपणा अशी तीन कामे करतो हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना चिंच किंवा दही, काश्मिरी मिरची आणि लाल भोपळ्याचा गर घेऊन टोमॅटो निम्म्यावर आणता येत होता. ही हिकमत उपजत नसते, ती शिकवता येते. म्हणून परीक्षेत एक जिन्नस मुद्दाम कमी द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (केटरर, सदाशिव पेठ)
ताई, मला हे पटत नाही. पाचशे पानांच्या पंगतीत ऐनवेळी धावाधाव झाली, तर दोष बहुतेक वेळा आदल्या दिवशीच्या यादीत असतो, आणि हिकमतीचे कौतुक करत राहिलो की यादी करण्याची शिस्त कोणी शिकत नाही. शिवाय काजू संपले म्हणून वाटणात शेंगदाणे घालणारे आचारी मी पाहिले आहेत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पाहुण्याच्या ते जिवावर बेतू शकते. तळणीचे तेल 'पुरवून' वापरणे हेही त्यातलेच. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या खराब घटकांचे, म्हणजे ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते तेल वापरायला कायद्याने मनाई आहे.

प्रतिसाद (खानावळचालक, नारायण पेठ)
यादी चोख असली तरी भर दुपारी वीज जाते, सिलिंडरची गाडी येत नाही. फ्लॉवरचे कोवळे देठ आणि कोथिंबिरीच्या काड्या आमच्याकडे रोज रश्शाच्या वाटणात जातात. डबा परवडणाऱ्या दरात देता येतो तो अशा काटकसरीमुळेच.

चर्चाप्रस्तावक
दादा, काजूला मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) हा पर्याय निवडणे आणि हाताला लागेल ते घालणे यांत फरक आहे, आणि तो फरक कळण्यासाठीच मला हा विषय अभ्यासक्रमात हवा आहे.

प्रतिसाद (केटरर, सदाशिव पेठ)
मग गुण देताना एक अट घाला : बदललेला जिन्नस वाढणाऱ्याला आणि जेवणाऱ्याला आधी सांगितला नसेल, तर पदार्थ कितीही चविष्ट असला तरी विद्यार्थी नापास. हे मान्य असेल तर परीक्षेला माझा विरोध नाही. यादीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.