मदत हवी आहे: काचेवर आदळणाऱ्या पक्ष्यांची नोंद ठेवायची आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडला आमचं ऑफिस आहे. समोरची इमारत खालपासून वरपर्यंत निळ्या काचेची, आणि पुढ्यात कडुनिंबाची जुनी झाडं. सकाळच्या उन्हात ती झाडं काचेत इतकी स्वच्छ उमटतात की पाखराला खरं-खोटं कळणार कसं? यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तिथे खाली एक नवरंग मरून पडलेला दिसला. डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा, पंखावर निळी झाक, शेपटीखाली कुंकवासारखा लाल. अंगावर जखम म्हणाल तर काहीच नाही. वॉचमनकाका म्हणाले, "पडतात अधूनमधून. झाडूवाल्या मावशी टाकतात उचलून."

म्हणजे पडतात हे त्यांना ठाऊक आहे, फक्त लिहून कुणी ठेवत नाही. नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीवर दरवर्षी पक्षीगणना होते, 2020 साली तिला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही जाहीर झाला. पण काचेवर आदळतात ती तिथली बदकं नव्हेत, झाडाझुडपांतली छोटी पाखरं. त्यांची गणना शहरातच करावी लागणार. टोरांटोत 1993 पासून स्वयंसेवक हे काम करताहेत. शिकागोत ऑक्टोबर 2023 मध्ये एका रात्रीत एकाच इमारतीखाली हजाराच्या आसपास पक्षी मेले, तेही मोजणारं कुणीतरी होतं म्हणून कळलं.

आता नवरंग परत दक्षिणेकडे निघतील, वटवटे आणि माशीमार उतरतील. ऑफिसच्या आधी दोन-तीन इमारतींभोवती फेरी मारायची तयारी आहे. कधी जावं, काय लिहावं, मेलेल्या पक्ष्याचं काय करावं? शिवाय सिक्युरिटीवाले हटकतील, त्यांना काय सांगायचं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.
– शिंजीर

पाणकावळा:
उत्तम विचार. उजाडल्या उजाडल्या जा, झाडलोट व्हायच्या आत. कावळे, मांजरं आणि कुत्री तुमच्याही आधी येऊन गेलेली असतात, त्यामुळे सापडतील ते पडलेल्यांपेक्षा कमीच. इमारती आणि वाट ठरवून घ्या आणि रोज तीच ठेवा. आज इथे, उद्या पाथर्डी फाट्याला असं केलंत तर आकड्यांना अर्थ राहत नाही. तारीख, वेळ, इमारतीची कुठली बाजू, समोर झाड आहे की मोकळं, पक्षी जिवंत की मेलेला, एवढं पुरे. फोटो पाठ, पोट, चोच आणि उघडलेला पंख असे घ्या. मेलेला वटवट्या ओळखणं म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. आणि काहीच सापडलं नाही तर तेही लिहा! लोक नेमकं हेच गाळतात.

काचेकडेही बघत चला. होला (कबुतराच्या जातीतला पक्षी) आदळला की पिसांची भुकटी काचेला चिकटते आणि पंखांचा अख्खा ठसा उमटतो. पक्षी गायब, पण पुरावा शिल्लक.

मेलेला पक्षी घरी नेऊ नका, फ्रीजमध्ये तर नाहीच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तो परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही. जमवायचेच असतील तर आधी वनविभागाचं लेखी पत्र घ्या. हात लावायचा झाला तर हातमोजे घालून.

भर_दुपारी:
नाशिकमध्ये काचेपेक्षा नायलॉन मांजाने जास्त पक्षी मरत असतील. संक्रांतीला बघा जरा.

पाणकावळा:
@भर_दुपारी, संक्रांतीला मांजाचंही बघूच. हा धागा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आहे.

रानजाई:
जिवंत सापडला तर पाणी पाजायला जाऊ नका हो ताई, चोचीत ओतलेलं पाणी थेट श्वासनलिकेत जातं. चपलांचं खोकं घ्या, भोकं पाडा, तळाला सुती फडकं घाला, झाकण लावा आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. दर पाच मिनिटांनी उघडून बघायचा मोह टाळा. तास-दोन तासांनी काचेपासून लांब, झाडांजवळ सोडा. पंख लोंबत असेल किंवा उडत नसेल तर वनविभागाची हेल्पलाइन 1926.

सिक्युरिटीचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मॅनेजरकडे जाऊ नका, "आमच्या बिल्डिंगची बदनामी" सुरू होतं. आधी वॉचमनकाका आणि मावशींशी बोला. मावशींना फक्त एवढंच सांगा, पाखरू दिसलं की बाजूला ठेवा आणि मला हाक मारा. महिन्याभराची नोंद हातात आली की मग मॅनेजर. तेव्हा ते ससाण्याचं एकुलतं स्टिकर सुचवतील, त्याने काही होत नाही. ठिपके काचेच्या बाहेरच्या बाजूने, दोन-दोन इंचांवर, सगळ्या काचेवर लागतात. रात्री वरच्या मजल्यांवरचे दिवे बंद करणं मात्र फुकटात होतं, ते आधी मागा.

शिंजीर:
खूप आभार. आजच मावशींशी बोलले. त्या म्हणाल्या, मागच्या बाजूला, पार्किंगकडच्या काचेखाली जास्त पडतात. तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं. सोमवारपासून सुरू करते, पुढची बाजू आणि पार्किंग दोन्ही. रविवारी मला जमणार नाही. गंगापूर रोडच्या आसपास राहणारं कुणी तेवढी एक सकाळ घेईल का?