डार्ट्सच्या वर्ल्ड ग्रां प्रीला फेव्हरेट कोण आणि डार्क हॉर्स कोण?

प्रश्न: लेस्टरच्या या स्पर्धेत ल्यूक लिटलर सोडून कोणाचा विचार करावा का? मला तर तोच जिंकेल असं वाटतं, २०२५ ला फायनलमध्ये हम्फ्रीजला ६-१ ने हरवलं होतं त्याने.

उत्तर १: फेव्हरेट तोच आहे, पण इथे प्रत्येक लेग (५०१ वरून शून्यावर यायचा एक डाव) डबलनेच, म्हणजे बोर्डच्या बाहेरच्या अरुंद कड्यावर डार्ट मारूनच, सुरू करावा लागतो हे विसरू नका! डबल किंवा बुल (बोर्डचा मधला ठिपका) लागेपर्यंत ५०१ मधला एकही पॉइंट कमी होत नाही, समोरचा तोवर दोनशे पुढे जातो, आणि पहिली फेरी बेस्ट ऑफ थ्री सेट्स (काही लेग मिळून एक सेट), म्हणजे सावरायला वेळच नाही. २०२४ ला लिटलर पहिल्याच फेरीत रॉब क्रॉसकडून हरला होता.

उत्तर २: +१. त्याच वर्षी डी डेकर जिंकला, फायनलला हम्फ्रीजला ६-४ हरवून, आधी कोणी त्याचं नावही घेत नव्हतं. म्हणून मी अ‍ॅव्हरेजपेक्षा (तीन डार्टमागची सरासरी) डबलवर कोणाचा हात बसलाय ते बघतो.

उत्तर ३: व्हॅन गर्वेनला विसरलात का, सहा वेळा जिंकलाय इथे. पहिली फेरी काढली तर माझा डार्क हॉर्स तोच.

प्रश्नकर्ता: मग ड्रॉ बघूनच ठरवतो, पहिल्या फेरीत क्रॉससारखा कोणी आला तर अवघड आहे.