एका दिवसात उरकणारे उपक्रम सेवा क्लबांनी थांबवावेत का?

जुना सभासद (धागाकर्ता)

मी रोटरी-लायन्ससारख्या एका सेवा क्लबचा सोळा वर्षे सभासद आहे आणि त्यांपैकी तीन वर्षे कोषाध्यक्ष होतो. माझे म्हणणे असे की, क्लबने एका दिवसात उरकणारे उपक्रम बंद करावेत, विचारपूर्वक दोनच कामे निवडावीत आणि अध्यक्ष बदलला तरी ती किमान पाच वर्षे चालवावीत.

हे मत एका प्रसंगातून बनले. आमच्या नेत्रतपासणी शिबिराचे चष्मे वाटून झाल्यावर चौथ्या दिवशी, विसरलेला फलक आणण्यासाठी मी त्या सभागृहात गेलो होतो. पायरीवर एक वृद्ध गृहस्थ चष्म्याची डबी मांडीवर घेऊन बसले होते. चष्मा लावला की जिना उतरताना पाऊल कुठे पडते ते कळत नाही, एवढेच सांगण्यासाठी ते दोन दिवस तेथे येऊन परत जात होते. डबीवर क्लबचे नाव आणि बोधचिन्ह ठसठशीत छापले होते. दूरध्वनी क्रमांक मात्र नव्हता. वार्षिक अहवालात त्यांची नोंद अर्थातच ‘लाभार्थी’ अशी आहे.

यात मी कोणा व्यक्तीला दोष देत नाही. रोटरी काय किंवा लायन्स काय, दोन्हींचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि अध्यक्षपदही तेवढ्याच काळाचे असते. त्यामुळे रोप लावणारा अध्यक्ष एक असतो आणि ते जगले की नाही हे पाहण्याची वेळ येते तेव्हा खुर्चीवर दुसरा असतो, ज्याला स्वतःची नवी रोपे लावायची असतात. याउलट या चळवळीतले सर्वांत मोठे काम पाहा. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपीन्समधील सुमारे ६० लाख मुलांना पोलिओची लस देण्याचे काम अंगावर घेतले, ते पाच वर्षांच्या बोलीने. त्यातूनच १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ हा रोटरीचा पोलिओनिर्मूलन कार्यक्रम उभा राहिला आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह जागतिक मोहीम सुरू झाली. त्या वर्षी जगात अंदाजे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत असे. हे प्रमाण पुढे ९९ टक्क्यांहून अधिक घटले. दरवर्षी नवा विषय घेतला असता तर हे घडले असते का?

चालू सचिव

आपण उदाहरण दिले जागतिक संघटनेचे आणि नियम सुचवला तीस-चाळीस जणांच्या क्लबला. आमचे सभासद नोकरी-व्यवसाय सांभाळून महिन्यातून एखादा रविवार देतात. सलग पाच वर्षांचे काम घ्यायचे तर पगारी माणसे ठेवावी लागतील, त्यांच्या पगारासाठी निधी उभारावा लागेल, आणि मग तो क्लब राहणार नाही. आणखी एक संस्था होईल, जिच्या सभांना आपण देणगीदार म्हणून हजर राहू.

शिवाय या क्लबांचा जन्मच मुळी सेवेतून झालेला नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन मित्र एकत्र जमले ते ओळखपाळख आणि व्यवसायातील सहकार्य यांसाठी. सभा आळीपाळीने (इंग्रजीत ‘रोटेशन’ने) एकेकाच्या कार्यालयात होत म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. सार्वजनिक स्वच्छतागृहाचा पहिला सेवाप्रकल्प १९०७ मधला, म्हणजे आधी मैत्री झाली आणि मग काम. नवा माणूस क्लबमध्ये येतो तो एखाद्या रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडता मांडता. पाच वर्षांचा आराखडा वाचून कोणी सभासद झाल्याचे मी पाहिलेले नाही.

राहिले ते वृद्ध गृहस्थ. त्यांची हेळसांड झाली हे मान्य, परंतु त्यावर उपाय डबीवर क्रमांक छापणे हा आहे, शिबिर बंद करणे हा नव्हे.

जुना सभासद

क्रमांक छापू, पण तो कोणाचा? सचिवाचा छापला तर १ जुलैला तो माजी सचिवाचा होतो.

रक्तपेढीवाली

मी क्लबची सभासद नाही. रक्तपेढीत काम करते, म्हणजे आपल्या शिबिरांच्या पलीकडच्या टोकाला उभी असते. आपण दोघेही एक दिवस की पाच वर्षे यावर वाद घालत आहात, मला मात्र प्रश्न वेळापत्रकाचा वाटतो.

तांबड्या पेशी वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट तर साधारण ५ दिवसच. वर्धापनदिन आला की एकाच दिवशी दोनशे पिशव्या येतात, त्याच आठवड्यात दुसऱ्या क्लबचेही शिबिर असते, शीतकपाट भरून जाते. आणि दोन महिन्यांनी मी एका पिशवीसाठी एकामागून एक फोन लावत बसते. शिबिर विभागून घ्या, असे मी एका अध्यक्षांना सुचवले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तारीख तीच ठेवली, कारण त्या दिवशी प्रांतपाल, म्हणजे त्या भागातील सर्व क्लबांचे प्रमुख, येणार होते.

आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडलेला क्लब वेगळाच आहे. त्यांनी सभासद, त्यांचे नातलग आणि शेजारी यांची रक्तगटानुसार एक वही केली आहे. दर आठवड्याला मी गरज कळवते आणि ते त्या गटातील चार-पाच जणांना पाठवतात. प्रत्येकाने पूर्वी कधी रक्त दिले त्याची तारीख वहीत असल्यामुळे पुरेसे अंतर गेल्याशिवाय कोणाला पुन्हा बोलावले जात नाही. एका निवृत्त बाई हे सारे घरी बसून सांभाळतात, त्यामुळे पगारी माणसाचा प्रश्नच आलेला नाही. या कामाचे छायाचित्र मात्र निघू शकत नाही, आणि खरी अडचण बहुधा तीच असावी.

नवी सभासद

वही मला आवडली, पण धागाकर्त्यांच्या प्रस्तावाला माझा विरोध कायम आहे, आणि त्याचे कारण अजून कोणी मांडलेले नाही. ती दोन कामे निवडणार कोण? आज मतदान झाले तर पंधरा-वीस वर्षे एकत्र असलेली मंडळी निवडतील आणि माझ्यासारखी वर्षभरापूर्वी आलेली माणसे पुढची पाच वर्षे दुसऱ्यांचे काम राबवतील.

दीर्घकाळ टिकणे हा आपोआप गुण होत नाही. स्त्रियांना सभासदत्व न देण्याचा रोटरीचा नियमही आठ दशकांहून अधिक काळ टिकला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १९८९ मध्ये संघटनेने आपली घटना बदलली, तेव्हा कुठे दार उघडले. आमच्याच क्लबमध्ये एक शिवणवर्ग अकरा वर्षे चालू आहे. गेल्या महिन्यात मी तेथे गेले तेव्हा आठ यंत्रांपैकी तीनच चालू होती आणि उरलेल्या यंत्रांवर घातलेल्या चादरींवर धूळ होती. तो बंद करण्याचा विषय सभेत निघत नाही, कारण ज्या माजी अध्यक्षांनी तो सुरू केला ते पहिल्या रांगेत बसतात. एका दिवसाचा उपक्रम फसला तर निदान संध्याकाळी संपतो.

चालू सचिव

अगदी हेच. आणि एका दिवसाला इतके कमी लेखू नये. लायन्स अंधत्वनिवारणाकडे वळले ते १९२५ च्या अधिवेशनातील हेलन केलर यांच्या एका भाषणामुळे.

जुना सभासद

भाषण एका दिवसाचे होते, पण त्यानंतरचे काम अजून चालू आहे. तेव्हा हा दाखला माझ्याच बाजूने मोजावा.

शिवणवर्गाचा मुद्दा मात्र मला लागला, कारण असे वर्ग मीही मुकाट्याने मंजूर केलेले आहेत. म्हणून प्रस्तावात बदल करतो. काम पाच वर्षांचे असावे, परंतु दर दोन वर्षांनी त्याची पाहणी व्हावी, ती त्या कामाशी संबंध नसलेल्या आणि शक्यतो नव्या सभासदांनी करावी, आणि पाहणीत लाभार्थींशी प्रत्यक्ष बोलावे. रोटरी प्रतिष्ठानच्या जागतिक अनुदानासाठी अर्ज करताना त्या समाजाला नेमके काय हवे आहे हे आधी विचारून नोंदवावे लागते. मोठ्या प्रकल्पाला जी अट आहे ती छोट्याला का नसावी?

एका दिवसाचे उपक्रम पूर्ण बंद करण्याचा आग्रहही मी सोडतो. मात्र ज्या उपक्रमानंतर माणसाला परत यावे लागू शकते, म्हणजे चष्मे, चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे, तो उपक्रम पाठपुराव्याची व्यवस्था झाल्याशिवाय जाहीर करू नये.

चालू सचिव

एवढे मान्य. पदाधिकारी बदलला तरी बदलणार नाही असा क्लबच्या नावाचा एक फोन घेऊ आणि तो पदग्रहणाच्या दिवशी नव्या सचिवाच्या हाती देऊ. त्याचा खर्च सभासद वर्गणीतून, प्रशासकीय खात्यातून करावा.

जुना सभासद

येथे माझा विरोध आहे. लोकांकडून सेवेसाठी जमवलेला पैसा प्रशासनावर खर्च करू नये आणि दोन्ही खाती वेगळी ठेवावीत, हा लायन्सचा दंडक मला अगदी योग्य वाटतो. परंतु चष्मा बसत नाही हे सांगणाऱ्याचा फोन घेणे ही सेवाच आहे, आणि तो खर्च सेवा खात्यात दिसला पाहिजे. प्रशासकीय खात्यात टाकलात तर वर्गणी अपुरी पडेल त्या वर्षी पहिल्यांदा बंद होईल तो हाच फोन.

नवी सभासद

फोन कोणत्याही खात्यातून घ्या. पहिले वर्ष तो सांभाळायला मी तयार आहे, मात्र शिवणवर्गाची पाहणीही माझ्याकडे द्यावी.