घरच्या इंटरनेटचा खरा डाउनलोड स्पीड कसा मोजावा? सल्ला हवा

कंदील
घरी २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. मोबाइलवर स्पीडटेस्ट लावली की हॉलमध्ये १४०, बेडरूममध्ये ३८. फास्ट डॉट कॉमवर तिसराच आकडा. लॅपटॉपवर मोठी फाइल उतरवताना ब्राउझर जेमतेम ११ दाखवतो, आणि हेल्पलाइनचं पालुपद एकच, "सर, आमच्याकडून लाइन ओके दिसतेय." यातला खरा आकडा कुठला मानायचा? भांडायचं तर हातात काहीतरी ठोस हवं. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

गप्पिष्ट
११ बघून घाबरू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट) विकतात आणि ब्राउझर मेगाबाइट दाखवतो. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ८ ने गुणा, म्हणजे ९० च्या आसपास. तरी २०० च्या निम्मेच म्हणा. २०० च्या लाइनवर २५ च्या जवळपास दिसायला हवेत.

वायरवाला
खरे सगळेच आहेत, फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. मोबाइलवर मोजता तेव्हा लाइन, वायफाय आणि मोबाइलची कुवत असं सगळं एकदम मोजलं जातं. बेडरूममधले ३८ मला तरी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडचे (लहरींच्या पट्ट्याचे) वाटतात. त्या बँडवर जुन्या 'एन' पिढीच्या वायफायला २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर एका अँटेनामागे कागदावरच ७२ मिळतात, हाती त्याहून बरेच कमी लागतात. शेजारपाजारचे राउटर त्याच चॅनलवर असले तर विचारूच नका. हे हेल्पलाइनला ऐकवलंत तर "वायफाय आमच्या हातात नाही" म्हणून ते मोकळे होतील.

म्हणून लाइन मोजायची ती केबलनेच. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, व्हीपीएन असेल तर तोही बंद. घरातले टीव्ही, मोबाइल थोडा वेळ वायफायवरून काढा. फोटोंचा बॅकअप मागे चालू राहिलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग टेस्ट घ्या, एकदा सकाळी लवकर आणि एकदा रात्री नऊ-दहाला, असं काही दिवस. तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. एकट्यादुकट्या आकड्याला कोणी विचारत नाही.

चष्मिष्ट
साइट्सचे आकडे जुळत नाहीत, त्याचंही कारण आहे. ऊकला कंपनीची स्पीडटेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर निवडते आणि तो बऱ्याचदा तुमच्या कंपनीच्याच नेटवर्कमध्ये असतो. म्हणजे कळतं काय, तर कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता. त्यापुढची कोंडी त्यात दिसत नाही. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये काढलं, ते त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून डेटा ओढतं. क्लाउडफ्लेअरची टेस्ट लहानमोठ्या फाइली वेगवेगळ्या मोजून दाखवते, मला तीच जास्त बोलकी वाटते. मी दोन ठिकाणी तरी मोजतो. स्पीडटेस्टमध्ये सर्व्हर बदलता येतो आणि 'मल्टी'ऐवजी 'सिंगल' कनेक्शनही निवडता येतं. एकच मोठी फाइल उतरवताना काय होतं, ते सिंगलवर जास्त खरं कळतं.

मोबाइल डेटावर मात्र जपून. १०० एमबीपीएसने पंधरा सेकंद ओढलं की पावणेदोनशेहून जास्त एमबी उडतात.

आजोबांचा_मोडेम
नुसत्या डाउनलोडच्या मागे लागू नका राव. आमच्याकडे आकडा झकास होता आणि व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस यंत्रमानवासारखा बोलायचा. फास्ट डॉट कॉमवर जास्तीची माहिती उघडा, तिथे लाइन रिकामी असतानाचा आणि भरलेली असतानाचा लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) वेगळा दिसतो. भरल्यावर तो वीसवरून तीनशे मिलिसेकंदांवर गेला तर दुखणं राउटरमध्ये साचलेल्या डेटाच्या रांगेत आहे, प्लॅन वाढवून ते जाईलच असं नाही. मॅक असेल तर मॅकओएसच्या मॉंटेरे आवृत्तीपासून पुढे टर्मिनलमध्ये 'नेटवर्कक्वालिटी' नावाची कमांड आहे (रोमन लिपीत सलग लिहायची, 'क्यू' तेवढा कॅपिटल). कुठली साइट उघडायला नको.

कंदील
सगळ्यांना धन्यवाद. लॅपटॉप आधीपासून केबलवरच आहे. वायफाय, व्हीपीएन, टीव्ही सगळं बंद करून बसलो. सकाळी ९४, रात्री ९४, सर्व्हर बदलला तरी ९४. पण मोबाइल हॉलमध्ये १४० देतोय! उलटी गंगा.

वायरवाला
९४ म्हटलं की कान टवकारायचे. १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीतून प्रत्यक्षात एवढंच बाहेर पडतं, आणि दिवसरात्र तो आकडा हलत नाही. तुमची लाइन बरी दिसतेय, अडलंय ते केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलच्या आठही तारा लागतात. एखादी तुटली किंवा पिनेला नीट लागली नाही तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते, आणि नेट चालू असल्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं जा आणि 'लिंक स्पीड' बघा. १००/१०० असेल तर आधी केबल बदला. तरीही तेच आलं तर राउटरचा दुसरा पोर्ट. काही स्वस्त राउटरचे सगळेच पोर्ट १०० चे असतात, तेही तपासा.

रानपाखरू
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही ९४ च येतात, आणि घरचे वर्षभर कंपनीला शिव्या घालतायत.

कंदील
लिंक स्पीड १००/१०० च होता. केबल बदलली, १०००/१००० झाला. सकाळी १९६! पण रात्री साडेनऊला १२० च्या खाली, आणि हे रोजचंच दिसतंय.

वायरवाला
आता करा तक्रार. केबलवर, रिकाम्या लाइनवर, सकाळ-रात्रीचे स्क्रीनशॉट सोबत जोडा आणि "रात्री गर्दीच्या वेळी स्पीड पडतो" एवढंच लिहा. फोनवर बोललात तरी तक्रार क्रमांक मागून घ्या. वायफायचा विषय स्वतःहून काढू नका.

कंदील
आणि बेडरूमचे ३८?

वायरवाला
तो मोबाइल आधी राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवाल्या वायफायच्या नावाला जोडून बघा. भिंतीपलीकडे ते पोचत नसेल तर राउटर हलवावा लागेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे घराचा नकाशाच लागेल.