व्हॅल प्लमवूडसारखं काम करायचं असेल तर पोट कसं भरायचं?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी पलूस तालुक्यातला, टीवायबीए, विषय तत्त्वज्ञान. आमच्या मळीला लागूनच कृष्णा वाहते. पाणी उतरलं की मगर काठावर पडलेली दिसते, आजी अजून तिला सुसरच म्हणते. मगरीनं कुणाला ओढलं की गावात दोनच आवाज उठतात: मारा, नाहीतर वनखात्याला सांगून उचलून न्या. वर्गात सरांनी व्हॅल प्लमवूड या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ बाईंबद्दल सांगितलं. मगरीच्या जबड्यातून सुटून तिनं मगरीचीच बाजू घेतली म्हणे. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. घरचे म्हणतात बी.एड. कर. या बाईंनी आयुष्यभर नेमकं काय केलं, आणि यात पोट भरतं का?

तर्कवेडी:
अकरा वर्षं मी कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तर्कशास्त्र शिकवते, म्हणून आधी पोटाचं. नेट-सेट झाल्यावरही कायम जागेची वाट बघत वर्षं जातात. बी.एड. करून ठेव, त्यात कमीपणा नाही.

आता प्लमवूड. बहुतेक लोक तिची गोष्ट मगरीपासून सुरू करतात. मी तर्कशास्त्रापासून करते, कारण तिनं स्वतः तिथून सुरुवात केली. १९८२ साली आलेल्या 'रेलेव्हंट लॉजिक्स अँड देअर रायव्हल्स' या जाडजूड ग्रंथाच्या चार लेखकांपैकी ती एक. 'अ' आणि 'अ नव्हे' हे आपण पहिल्याच आठवड्यात शिकवतो. 'अ' सोडून उरलेलं सगळं जग एकाच पिशवीत! तिनं दाखवलं की 'माणूस' आणि 'निसर्ग' म्हणताना आपण हेच करतो. वॉम्बॅट (ऑस्ट्रेलियातला बिळात राहणारा प्राणी), निलगिरी, नदी, दगड सगळे एका पिशवीत, आणि त्यांची ओळख एवढीच की ते माणूस नाहीत. पुरुष-स्त्री, बुद्धी-देह, मालक-गुलाम या जोड्यांचीही घडण तीच. १९९३चं 'फेमिनिझम अँड द मास्टरी ऑफ नेचर' यावर उभं आहे. तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती.

त्याआधी वीस वर्षं, १९७३ साली, तिनं नवरा रिचर्ड रूटली याच्यासोबत 'द फाइट फॉर द फॉरेस्ट्स' लिहिलं. ऑस्ट्रेलियात देशी जंगल तोडून पाइनच्या लागवडी चालल्या होत्या, त्याविरुद्ध. नुसती हळहळ नाही, त्यात हिशेबही तपासलेत. मग दोघांनी ब्रेडवुडजवळच्या डोंगरावर स्वतःच्या हातांनी दगडी घर बांधलं. लग्न मोडल्यावर ती तिथेच राहिली आणि तिथल्या प्लमवूड झाडाचं नाव आडनाव म्हणून घेतलं. टास्मानिया, नॉर्थ कॅरोलायना, मोंटाना, सिडनी अशी शिकवत फिरली, शेवटी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधनवृत्तीवर होती. २००८ साली डोंगरावरच गेली. एका खुर्चीवर बसून झालेलं हे काम नाही.

मगरीची घटना फेब्रुवारी १९८५ची, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानातली. ती डोंगीत एकटीच होती. खाऱ्या पाण्यातल्या मगरीनं तिला पकडून तीनदा पाण्याखाली गरगर फिरवलं. फाटलेला पाय ओढत ती चिखलातून सरपटत निघाली. सोडवायला आलेल्यांत कुणीतरी मगर मारायची भाषा केली, तेव्हा त्या अवस्थेतही तिनं कडाडून विरोध केला: तिच्या हद्दीत मी शिरले होते. पुढे तिनं लिहिलं ते मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. आपणही कुणाचं तरी अन्न आहोत हे मान्य करायला माणूस तयार नसतो. मेल्यावरसुद्धा भक्कम पेटी आणि वर शिळा, कुणी उकरू नये म्हणून.

प्राण्यांची बाजू मांडणारे तत्त्वज्ञ पीटर सिंगर किंवा टॉम रेगन यांच्याशी तिचं बिनसतं ते इथेच. ते प्राण्यांना नैतिकतेच्या कुंपणाच्या आत घेतात, पण कुंपण राहतंच, फक्त झाडं बाहेर पडतात. कारखानी पशुपालनाला तिचा कडवा विरोध होता, पण खाणं आणि खाल्लं जाणं हेच पाप, असं ती मानत नव्हती.

ऊसवाला:
मॅडम, ती बाई मगरीच्या घरात गेली होती. आमच्या बायका घाटावर धुणं धुतात, जनावरं पाण्याला नेतात. पिढ्यान्‌पिढ्या. इथं कोण कुणाच्या हद्दीत शिरलं ते सांगा.

तर्कवेडी:
दादा, बरोबर बोललात, आणि याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. पण माणूस नसलेलं जंगल म्हणजेच खरा निसर्ग, ही कल्पना तिलाही मान्य नव्हती. काकाडू ही आदिवासींची भूमी आहे, ते तिथं मगरींसोबत कितीतरी काळ राहत आलेत, आणि त्यांच्याकडून शिकल्याचं ती मोकळेपणानं सांगते. काकाडूत तिनं केलेला विचार कृष्णेच्या घाटावर टिकतो का, हे घाटावरच्याच माणसानं तपासायला हवं.

कृष्णाकाठ, एम.ए.च्या प्रबंधाला हा विषय घे. 'द आय ऑफ द क्रोकोडाइल' हे तिच्यामागे, २०१२ साली आलेलं पुस्तक ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या प्रकाशनाकडे फुकट मिळतं. त्यात बिरुबी नावाच्या वॉम्बॅटवरचा लेख आधी वाच. अनाथ पिल्लू तिनं वाढवलं होतं, ते गेल्यावर लिहिलाय.

कृष्णाकाठ:
ताई, उतरवून घेतलं. दादा, तुमचा घाट कुठला? रविवारी आलो तर चालेल का? तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचंय.

ऊसवाला:
ये. पण सकाळी लवकर ये, उन्हं वर आल्यावर सगळे रानात जातात.