दुसऱ्या मजल्यावरचं वळण

बी ३०२: दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधला दिवा आज १२ दिवस बंद आहे. काल रात्री सासूबाई त्याच वळणावर परत पडल्या. मनगटाला प्लास्टर. आषाढात पडल्या तेव्हा "बघतो" म्हणाला होतात. अजून बघालाय काय?

सेक्रेटरी: अरेरे. काळजी घ्या वहिनी. इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवलंय, पावसात येईना झालाय.

ए १०१ खजिनदार: ३ फ्लॅटचा मेंटेनन्स जूनपासून बाकी आहे. कृपया भरावा 🙏

सी ४०१ काका: वहिनी, राग मानू नका. म्हाताऱ्या माणसानं रात्री जिना उतरायचाच कशाला ओ? मी ७४ चा. रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला ४ फेऱ्या मारतो. पायात ताकद पाहिजे बघा.

बी ३०२: काका, ताकद आहे त्यांच्यात. श्रावणात टिळकवाडीपासून कपिलेश्वरच्या देवळाला चालत गेल्या, चालत आल्या. पायरी आली हे पायाला कळत नाही. फरशी ओली आहे हे बघितल्यावर कळतं, पाय ठेवून नाही. गेल्या थंडीत शेकायची पिशवी पायाशी घेऊन झोपल्या, सकाळी फोड बघूनच समजलं.

बी १०४: त्या वळणावरची चपलांची रॅक काढा की आधी.

बी ३०१: नाव घेऊन बोला. रॅक २ वर्षं तिथंच आहे. तुमची स्कूटर रॅम्पवर असते, त्याचं काय?

ए १०१ खजिनदार: ३ फ्लॅटचा मेंटेनन्स जूनपासून बाकी आहे. फंड नसेल तर दिवे कुठून लावायचे?

बी ३०२: आमचा भरलाय. पावती याच ग्रुपवर आहे, वर जाऊन बघा.

सी २०२ (फिजिओ): जरा वाचा सगळ्यांनी. उभं राहताना तोल सांभाळतात डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय-घोट्यातून येणारी जाणीव. पायाच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून वयाबरोबर बोटांकडची जाणीव मंदावत जाते. दुखत नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही. ती उणीव डोळे भरून काढतात. अंधार झाला की तो आधारही गेला. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो काय? चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही काय? घरच्या मोठ्यांना हे विचारा.

सी ४०१ काका: चप्पल माझी पण निसटते. मला वाटलं सैल झाली. दोन जोड बदलले.

सी २०२ (फिजिओ): काका, शुगरची गोळी मेटफॉर्मिन आहे ना, बरीच वर्षं? मग व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या. सगळं वयावर ढकलू नका. शुगरनंही असंच होतं, बी१२ कमी पडलं तरी होतं. बी१२ भरून काढता येतं, पण उशीर केला तर नस पूर्ण सुधारेलच असं नाही. डॉक्टर पायाला ट्युनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) लावून बघतात, १० ग्रॅम दाबाचा धागा टेकवून बघतात. काही मिनिटांचं काम.

ए २०३: मग बेळगावचा गोड कुंदा बंद काका 😄

सी ४०१ काका: कुंद्याचं नाव काढू नका ओ.

बी १०४: रॅम्पवर मी दहा मिनिटं लावतो. रॅक चोवीस तास.

सी २०२ (फिजिओ): वहिनी, आजींच्या त्या जाड, मऊ स्लिपर बंद करा. पातळ, घट्ट सोलची, मागे पट्टा असलेली घ्या. प्लास्टर निघाल्यावर ओट्याला धरून टाचा उचलायचा व्यायाम शिकवायला मी येते. जाणीव परत येईलच असं नाही, पण तोल सुधारतो. आणि सेक्रेटरी, पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी मारा, भिंतीच्या बाजूनंही कठडा हवा.

सेक्रेटरी: कठड्याला मीटिंग घ्यावी लागेल.

बी ३०२: मीटिंग घ्या. दिवा आज लावा.

सी ४०१ काका: बेसिनपाशी डोळे मिटून बघितलं. बेसिन धरावं लागलं. वहिनी, सकाळी बोललो ते चुकलं. बल्ब आहे माझ्याकडे, शिडी कुणाकडे आहे?

सी २०२ (फिजिओ): काका, तुम्ही शिडीवर चढायचं नाही.

बी ३०१: शिडी आणतो, मीच चढतो. रॅकचं नंतर बोलू.

बी ३०२: नुसता बल्ब नको, होल्डर पण जळालाय. टॉर्च घेऊन मी थांबते खाली.